खोकला वगळून

धाकट्याने पाइप काढला, पण फेकला नाही. वेटोळं घालून, सुतळीने बांधून, बांधाच्या अलीकडे थोरल्याच्या हद्दीत नीट ठेवून दिला. थोरलीला राग आला तो त्या नीटपणाचाच. फेकला असता तर भांडायला तोंड तरी मिळालं असतं.

उन्हाळा मध्यावर आला होता. मिरची फुलावर होती. दुपारी पानं माना टाकायची आणि पाणी मिळालं की सकाळी पुन्हा ताठ व्हायची. आज सकाळी ती ताठ झाली नाहीत, म्हणून थोरली वाफ्यावाफ्याने बघत बांधापर्यंत आली, तर तिथे हे वेटोळं.

विहीर बांधाच्या पलीकडे, धाकट्याच्या वाटणीत. धाकटा म्हणजे तिचा दीर. तो विहिरीच्या कठड्याला टेकून रोपवाल्याशी बोलत उभा होता. रोपवाल्याची मोठी रोपवाटिका होती आणि आणखी जमीन तो खंडाने शोधत हिंडत होता. पायात पांढरे बूट. शेतात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल थोरलीचं मत पहिल्यापासूनच बरं नव्हतं.

"भाऊजी, पाइप कोणी काढला?"

"मीच काढला, वहिनी. तुमचा तुमच्याकडे ठेवलाय की."

"आज पाळी आमची आहे."

"पाळी कसली आता? यांना जमीन देतोय, विहिरीसकट. विहिरीवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, असं लिहून द्यायचंय. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर दाखवा."

"आबांनी तुमच्या तोंडावर सांगितलंय, पाणी दोघांचं."

"आबांचं काय घेऊन बसलात? आबा मला मोटारसायकल घेऊन देतो असंही सांगायचे."

रोपवाला हसला. हसताना त्याने बुटाला लागलेली माती कठड्यावर पुसली. ती कठड्यावर पुसलेली माती थोरली बघत राहिली.

"व्हिडिओ आहे आमच्याकडे," ती म्हणाली.

धाकट्याचं हसू होतं तिथेच राहिलं, पुढे गेलं नाही. "मग कचेरीत दाखवा," तो म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतो?"

*

थोरलीच्या फोनमधला व्हिडिओ, आहे तसा:

अंगणात बाज. बाजेवर आबा, पाठीला गोधडीची गुंडाळी. अंग इतकं वाळलेलं की सदरा दुसऱ्याचा वाटावा. मागे विहिरीचा रहाट अर्धा दिसतो. बाजेच्या पायाशी तांबडी कोंबडी काहीतरी टिपते आहे.

आबा: "चालू झालं का? लाल दिसतंय? बरं. धाकट्या, विहीर तुझ्या वाटणीत येईल. पण पाणी दोघांचं. एक दिवस तुझं, एक दिवस थोरल्याचं. पाइप बांधावरून जाईल. त्याला कोणी आडवं यायचं नाही."

कोंबडी बाजेच्या पायाशी आहे.

कोंबडी कठड्यावर आहे.

आबा: "कळलं का? बास. बंद कर ते."

*

कोंबडी एका जागेवरून दुसरीकडे न उडता कशी गेली, हे त्या घरात कोणी विचारलं नव्हतं. कोंबडीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सगळे आबांचं तोंड बघायचे.

आबा विहिरी खणणारे. लोकांच्या विहिरी खणण्यात त्यांचं तारुण्य गेलं आणि उरलेल्या जोरावर त्यांनी ही एक स्वतःसाठी खणली. दगडाची भुकटी इतकी वर्षं छातीत गेली, ती म्हातारपणी बाहेर पडायला बघायची. खोकला सुरू झाला की आबा बाजेच्या कडेची लाकडी पाटी दोन्ही हातांनी धरायचे. घरातलं सगळं थांबायचं. ताटावर बसलेले बसलेलेच राहायचे. थोरली कोमट पाणी आणायला धावायची आणि तिचा नवरा, आबांचा थोरला, उठून अंगणाबाहेर जायचा. तिथे तो उगाच कुंपण चाचपत राहायचा. बापाला घुसमटताना बघणं त्याला झेपत नसे, आणि झेपत नाही हे सांगणंही झेपत नसे.

तेव्हा घरात चूल एकच होती आणि धड व्हिडिओ निघेल असा फोनही एकच, धाकटीचा. धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. व्हिडिओ तिनेच काढला आणि त्याच दिवशी थोरलीच्या फोनवर पाठवला.

आबा गेले. वाटण्या झाल्या, चुली दोन झाल्या. थोरला रोज जेवणाआधी व्हिडिओ लावायला लागला. आबा बोलू लागले की त्याचा चेहरा सैल व्हायचा. मग खोकला यायचा, आणि हा व्हिडिओ तिथेच थांबवून ताटावरून उठून कुंपणाकडे. बाप जाऊन इतके दिवस झाले, तरी फोनमधल्या खोकल्याला हा माणूस बाहेर जातो आणि जेवण निवतं. एकदा तो शेतात असताना थोरलीने फोन मांडीवर घेतला. कात्रीचं चित्र असतं, ते दाबायचं, एवढं तिला ठाऊक होतं. अंगठ्याने ती इथून तिथवर आली आणि दाबलं. जुना ठेवू का, असं फोनने विचारलं. तिला तो नकोच होता.

त्या दिवशी थोरल्याने व्हिडिओ लावला. आबा सलग बोलले. तो बराच वेळ फोनकडे बघत राहिला.

"खोकला कुठे गेला?"

"बरा झाला," ती म्हणाली.

तो ताटावरचं सगळं जेवला, वर आणखी मागून घेतलं.

*

कचेरीत जमिनीच्या भांडणांचा समेट करणाऱ्या बाई बसत. लोक त्यांना तडजोडबाई म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन एक माणूस बसायचा. फोनमधले फोटो, व्हिडिओ, पावत्या खऱ्या की खोट्या ते बघायचं त्याचं काम. त्याला ठसेवाला म्हणत.

थोरली आणि थोरला एका बाकावर, धाकटा आणि धाकटी दुसऱ्या बाकावर. दाराशी शिपायाने थोरलीला चपला बाहेर काढायला लावल्या, ओला चिखल लागलाय म्हणून. धाकट्याच्या चपला कोरड्या होत्या.

ठसेवाल्याने थोरलीचा फोन दोन बोटांत धरला, फडक्याने पुसला, वायर जोडली. "कसं असतं," तो म्हणाला, रोज शंभरदा सांगितल्यासारखं, "माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो तसा प्रत्येक व्हिडिओचा एक ठसा असतो. मोठा आकडा. आत एक कणभर जरी बदललं तरी ठसा सगळा बदलतो. मी आधी हा घेतो. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की कचेरीत बदललं."

"घ्या," थोरला म्हणाला. "आमचं खरं आहे."

व्हिडिओ चालला. आबांचा आवाज कचेरीत आला तेव्हा धाकटीने मान खाली घातली. ठसेवाल्याने तो मागे नेला, पुन्हा लावला, पुन्हा मागे नेला. मग पडदा तडजोडबाईंकडे वळवला.

"यात जोड आहे. इथे. कोंबडी बघा."

"उडाली असेल," थोरला म्हणाला.

"उडताना दिसली असती." ठसेवाल्याने आणखी काहीतरी उघडलं. "आणि हा मूळ नाहीच. व्हिडिओ कुठल्या फोनने, केव्हा काढला, नंतर कोणी हात लावला का, हे त्याच्याच पोटात लिहिलेलं असतं. हा नंतर नवा बनलाय. याच फोनवर."

थोरल्याने बायकोकडे बघितलं. कचेरीतले सगळेच बघत होते. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद फडफडत होते आणि तडजोडबाई त्यांवर एकेक वस्तू ठेवत होत्या, चष्म्याचं घर, पेन, कुलूप.

"मी कापलं," थोरली म्हणाली.

"घ्या," धाकटा म्हणाला. "आता काय राहिलं?"

"का कापलंत?" तडजोडबाईंनी विचारलं.

"खोकला होता."

दाराजवळ कोणीतरी हसलं. मागच्या बाकावरचा एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "आमच्याकडे खोकला आला तर औषध देतात."

तडजोडबाईंनी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा तो गप्प झाला. "मूळ व्हिडिओ कोणाच्या फोनवर काढला होता?"

"हिच्या," धाकट्याने बायकोकडे बोट केलं. "पण तो फोन केव्हाच गेला. भंगारात घातला."

धाकटी फरशीकडे बघत होती.

"मूळ मिळाला तर आणा. पुढच्या बैठकीला निकाल देते," तडजोडबाई म्हणाल्या. "तोवर कापलेल्यावर मी काही म्हणू शकत नाही. ना तुमच्या बाजूने, ना यांच्या."

परत येताना थोरला पुढे चालला. त्याचा उजवा गुडघा चढावर कुरकुरायचा, आज तो मुद्दाम चढाच्याच वाटेने गेला.

"बरा झाला म्हणालीस," वळणावर तो म्हणाला.

"तुम्ही जेवायला लागलात की नाही?"

 पुढची वाट त्याने सपाटीची धरली.

*

मग दिवस निघाले ते पाण्याचे.

सायकलच्या दोन बाजूंना दोन कॅन. रस्त्याच्या टाकीवर रांग. थोरली सायकल धरायची, थोरला कॅन भरायचा. वाटेत कॅनची झाकणं गळायची आणि धुळीत ओली रेघ उमटायची, टाकीपासून शेतापर्यंत. प्रत्येक रोपाच्या बुडाशी तांब्याभर. वाकून, सरकून, वाकून. पहिल्या वाफ्याला पाणी घालून शेवटच्या वाफ्यावर जावं, तोवर पहिल्यातली माती पांढरी. शेवटचे वाफे त्यांनी सोडून दिले. सोडून देऊ असं कोणी म्हणालं नाही, एक दिवस त्या बाजूला तांब्या गेला नाही इतकंच.

पलीकडे मोटर चालायची. पाटातून जाणाऱ्या पाण्याच्या आवाजाला बांध कळत नसतो, तो इकडेही यायचा.

फुलं गळायला लागली तेव्हा धाकटी आली. बांधावरून नाही, रस्त्याने वळसा घालून, हातात खुरपं, जणू गवताला निघालीय. थोरलीच्या शेजारी वाफ्यात बसली आणि न विचारता तण काढायला लागली.

"कशाला आलीस?"

"गवताला."

"इथे गवत नाही. पाणीच नाही तर गवत कुठलं?"

"तर मिरची तरी उपटते," धाकटी म्हणाली. दोघींना हसू आलं, आणि दोघींनी ते दाबलं.

बऱ्याच वेळाने धाकटी म्हणाली, "ताई, रोपवाला म्हणतो बायकांना रोज काम देईन. पिशव्या भरायच्या, रोपं लावायची. सकाळी नाव सांगून आत जायचं. माझ्याच शेताच्या फाटकावर मी नाव सांगायचं."

"भाऊजींना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, सावलीत बसून काम आहे, आणखी काय पाहिजे?" तिने खुरप्याने मातीत एक रेघ ओढली, पुसली. मग कमरेचं काहीतरी काढून थोरलीच्या मांडीवर ठेवलं. लहान मुलाचा जुना मोजा. आत फोन. "भंगारात घातला नव्हता. यांना वाटतं घातला. यात मुलांचे पहिल्यापासूनचे फोटो आहेत. कोण घालतं भंगारात? पाठ फुगलीय त्याची. वायर लावलेली असली की चालतो, काढली की मरतो."

"तुझ्या घरी कळेल."

"कळेल. मग बघू."

*

दुपारच्या उन्हात, थोरलीच्या घरात, दार लोटून. फोन भिंतीच्या वायरला बांधलेला. थोरला, थोरली, धाकटी, तिघं भिंतीला टेकून, कारण वायर आखूड.

व्हिडिओ, मुळातला:

"...त्याला कोणी आडवं यायचं नाही."

खोकला.

बाजेची करकर. पाटीवर आपटणारा एक हात, दुसरा चौकटीबाहेर.

"आले, आले." थोरलीचा आवाज, आतून. किती बारीक होता तेव्हा.

चपला. थोरल्याच्या, बाहेर जाणाऱ्या. कुंपणाचं फाटक.

खोकला.

भांडं पडतं. "अगं ए, सांडलं का?" सासूचा आवाज. सासू तेव्हा होती. अंगणात कुठेतरी, चौकटीबाहेर.

"कोंबडी आली मध्ये." थोरली, पुन्हा आतून.

फोन हलतो. आभाळ, पत्रा, धाकटीचा पाय, पुन्हा बाज. धाकटी हसू दाबते आहे. कोंबडी फडफडत कठड्यावर.

खोकला, लहान होत जाणारा.

आबा, दमलेले, आवाज खाली: "गाळ मात्र दोन्ही घरांनी उतरून काढायचा. दर उन्हाळ्यात. मजूर लावून नाही, स्वतः. ज्या वर्षी जे घर उतरणार नाही, त्या वर्षी त्याचं पाणी बंद. कळलं का? बास. बंद कर ते."

*

या वेळी थोरला उठून बाहेर गेला नव्हता. खोकला संपेपर्यंत बसून राहिला होता, हे त्याचं त्यालाही नंतर लक्षात आलं असावं, कारण तो एकदम उठला आणि पाणी प्यायला.

"हे मी ऐकलंच नव्हतं," थोरली म्हणाली. "मी आत होते. आणि कापलं तेव्हा आवाज बंद करून कापलं."

गाळाचे दिवस तिच्या डोळ्यांपुढे आले. आबा धडधाकट असताना अख्खं घर विहिरीवर असायचं. आबा सगळ्यात आधी खाली, कमरेएवढ्या चिखलात, आणि तिथून वरच्यांना नावं ठेवायचे. विहीर त्यांचा आवाज दुप्पट करून वर पाठवायची. दोघे भाऊ मध्ये पायऱ्यांवर. दोघी जावा रहाटाच्या दोरावर, तळहात सोललेले. सासू काठावर बसून घमेली मोजायची आणि मुद्दाम चुकवायची. आबा खालून ओरडायचे, म्हातारे, परत मोज. गाळ वाफ्यांत पसरायचा, काळा, थंड, आणि घराला आठवडाभर त्याचा वास यायचा. अंगात, केसांत, अंथरुणात. आणि कोणाला तो वास वाईट वाटला नव्हता.

वाटण्या झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात थोरला सकाळपासून तयार होऊन बसला होता. हाक येईल म्हणून. हाक आली नाही. बांधावरून परक्या मजुरांची डोकी विहिरीत उतरताना दिसली. पुढच्या उन्हाळ्यात तो तयारही झाला नाही.

"तुम्ही आला नाहीत," धाकटी म्हणाली. "हे म्हणाले, त्यांना यायचं असतं तर आले असते."

"बोलावलं नाही," थोरला म्हणाला.

"तुम्हाला बोलवायचं? तुमच्या विहिरीवर?"

धाकटी गेल्यावर थोरला म्हणाला, "हा व्हिडिओ नाही द्यायचा."

"का?"

"आपण उतरलो नाही. एकदाही नाही. हा दाखवला की पाणी बंद, आबांच्याच तोंडून. आणि तू कापलंयस. तेवढंच नेमकं. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, अट लपवायला कापलं."

"मग?"

थोरलीने फोनची वायर काढली. फोन मेला. तो मोज्यात घालून तिने मोज्याला गाठ मारली. "न दाखवून काय करू? टाकीवरून पाणी आणून मिरची जगवशील का तू? आणि आबा अर्धेच बोलले असं सांगत फिरू? मला तोंड आहे अजून."

नवऱ्याला अरे-तुरे ती सहसा करत नसे. थोरल्याने तिच्याकडे बघितलं आणि गुडघ्याला तेल लावायला बसला.

*

कचेरीत ठसेवाल्याने जुन्या फोनला वायर लावली, पाठ बघून भुवया उडवल्या. पहिल्यांदा त्याने ठसा घेतला, कागदावर उतरवला, दोन्ही घरांच्या सह्या घेतल्या आणि मगच व्हिडिओ उघडला. बघून झाल्यावर म्हणाला, "हा मूळ आहे. काढल्या दिवसापासून कोणी हात लावलेला नाही."

धाकट्याने बायकोकडे बघितलं. धाकटीने त्याच्याकडे नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, एका हाताने दुसरा धरलेला.

मग आबांची अट कचेरीत सगळ्यांनी ऐकली.

"बघा," धाकटा उठून उभा राहिला. "खोकला म्हणे. अट कापायची होती यांना. ठसाच सांगतोय."

"ठसा एवढंच सांगतो की कापलंय," ठसेवाला म्हणाला. "का कापलं ते त्याच्यात नसतं."

"तुम्ही सांगा," तडजोडबाई थोरलीला म्हणाल्या.

"खोकल्यासाठी कापलं. दुसरं काही सांगायला नाही माझ्याकडे."

या वेळी कोणी हसलं नाही, ते तिला हसण्यापेक्षा जड गेलं. मागचा म्हातारा शेजारच्याकडे बघून नुसता ओठ मुडपत होता.

"अट मोडली त्यांनी," धाकटा म्हणाला. "पाणी बंद. आबांचाच शब्द."

"बरोबर आहे," तडजोडबाई म्हणाल्या. "तुमच्या घरातून कोण उतरलं?"

"कधी?"

"कधीही. वाटणीनंतर."

"गाळ काढलाय की. माणसं लावली होती."

"मजूर लावून नाही, स्वतः," तडजोडबाईंनी समोरच्या कागदावरून वाचलं. "म्हणजे तुमचंही पाणी बंद."

आता मात्र कचेरी हसली. शिपायासकट. रोपवाला दारात उभा होता, त्याने घड्याळ बघितलं. तडजोडबाईंनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता सांगितलं, गेलं ते गेलं. या उन्हाळ्याचा गाळ अजून काढायचाय, दोन्ही घरांनी उतरून काढला की पाळी पहिल्यासारखी. हा व्हिडिओ त्याच्या ठशासकट नोंदीला लागेल. विहीर एकट्याने कोणाला देता येणार नाही. रोपवाला म्हणाला, मला जमीन हवी होती, घरातली माणसं नकोत. आणि निघाला. धाकटा त्याच्यामागे फाटकापर्यंत गेला आणि एकटाच परत आला.

*

गाळाच्या दिवशी कोणी कोणाला हाक मारली नाही. सगळे आले.

उतरणार कोण, यावर थोरल्याचं आणि थोरलीचं घरीच भांडण झालं होतं. तो म्हणत होता मी. ती म्हणाली, घराने उतरायचंय, गुडघ्याने नाही. आता ती पायऱ्यांचे लोखंडी आकडे धरत खाली जात होती. वरून नवऱ्याने दोर सैल सोडला होता, शेजारी धाकटी. तिच्या डोळ्यांखाली झोप नसल्याची काळी रेघ होती. घरात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, पण दोर तिने घट्ट धरला होता.

धाकटा आधीच खाली होता. गुडघाभर काळ्या चिखलात. त्याने वहिनीकडे बघितलं नाही, फावडं भरून घमेल्यात टाकलं.

खाली गारवा होता. वरचं ऊन वाटोळं आणि लांब होतं. भिंतीच्या दगडात आबांच्या छिन्नीचे घाव होते, आडवे, सारख्या अंतरावर. श्वास घेतला तरी विहीर तो परत ऐकवायची. दोघं भरत राहिले. घमेलं वर जायचं, वळून यायचं, वरून चिखलाचे थेंब डोक्यावर पडायचे. थोरलीच्या पाठीत कळ येऊन गेली, पुन्हा आली. धाकट्याच्या हातांना फावड्याची सवय राहिली नव्हती. त्याने एकदा तळहात बघितला आणि पँटला पुसला. गाळ कमी होत गेला तसं एका बाजूच्या दगडातून पाणी पाझरायला लागलं. आवाज नव्हता त्याला. काळ्यावर काळीच ओल, चमकली म्हणून दिसली.

"वहिनी."

"काय?"

"खरंच खोकल्यासाठी कापलंत?"

थोरलीने फावडं चिखलात उभं केलं. "दाखवायला माझ्याकडे काही नाही, भाऊजी."

तो पुन्हा भरायला लागला. अर्धं घमेलं भरून थांबला.

"त्या दिवशी मीपण उठून जाणार होतो," तो म्हणाला. "दादा गेला तसा. आबांनी मनगट धरून ठेवलं. खोकला थांबेपर्यंत सोडलंच नाही. म्हणून अट ऐकली मी. नाहीतर मलाही कुठली माहीत असती?"

विहिरीने त्याचं शेवटचं वाक्य एकदा परत सांगितलं. थोरलीने फावडं उचललं आणि त्याच्या घमेल्याचा उरलेला अर्धा भाग भरला.

"भरलं का?" धाकटीने वरून विचारलं.

धाकट्याने कडी अडकवली, ओढून बघितली. "भरलं," तो वर बघून म्हणाला. "सावकाश ओढा. दादाला जोर लावू देऊ नकोस."